चौदा किलोंचे वजन आणि पन्नास सेंटिमीटरचे अंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या ज्या फाउंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी सुरक्षा विभागाचे काम पाहते, तिथल्या फेटलिंग विभागात बावीस वर्षे काढलेले एक मामा आहेत. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून घडलेला भाग, थंड होऊन आणि वाळू झडून त्यांच्याकडे येते आणि त्यावर उरलेले रनर-रायझरचे (साच्यातल्या धातूच्या वाटांचे) बुंधे व कडेचा फ्लॅश (सांध्यातून बाहेर आलेला पातळ धातू) ग्राइंडरने घासून काढणे हे त्यांचे काम आहे. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते तिसऱ्यांदा कंबरेला पट्टा बांधून कामावर आले, तेव्हा कास्टिंग जड होते का, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "वजनाचं काय न्हाई ओ मॅडम. चौदा किलो म्हंजे काय वजन हाय? पर त्या बिनात वाकून हात लांब टाकायला लागतोय न्हवं, तिथं जीव जातोय."

बिन म्हणजे कास्टिंग ठेवायची लोखंडी पेटी. त्यांचे हे बोलणे मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले. पुढे दोन आठवड्यांनी तीच गोष्ट मला संगणकाच्या पडद्यावर आकड्यांत दिसली. मामांनी अंगाने ओळखलेले कारण आणि गणिताने दाखवलेले कारण एकच निघाले. अर्गोनॉमिक्स, म्हणजे काम माणसाच्या अंगाला बेतून घेण्याचे शास्त्र, कागदावर मी कॉलेजात शिकले होते. पण ते कारखान्यात लागू करायला संगणक नेमका कुठे उपयोगी पडतो आणि कुठे पडत नाही, हे मला या एका बिनापाशी समजले.

आमच्या अपघात नोंदवहीत बोट चेमटल्याची, डोळ्यात कण गेल्याची, पायावर तापलेले मेटल उडाल्याची नोंद होते, कारण त्या दुखापतीला तारीख आणि वेळ असते. पाठ मात्र एका दिवसात जात नाही. ती रोज थोडी थोडी झिजते, आणि ज्या दिवशी माणूस आडवा पडतो तो दिवस बहुतेकदा सुट्टीचा असतो. घरी पाण्याची घागर उचलताना चमक भरते आणि दोष घागरीवर जातो. त्यामुळे आमच्या वहीत पाठदुखीचे पान जवळजवळ कोरे होते, आणि कोरे पान घेऊन व्यवस्थापनापुढे जाऊन खर्चाची मागणी करता येत नाही. मला आकडा हवा होता.

त्यासाठी मी अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ऑक्युपेशनल सेफ्टी अँड हेल्थ, म्हणजे नायॉश, या संस्थेचे वजन उचलण्याचे समीकरण वापरले. ते प्रथम १९८१ साली आले आणि १९९१ साली सुधारण्यात आले. त्याची मांडणी समजायला सोपी आहे. सगळी परिस्थिती उत्तम असेल, तर दोन हातांनी उचलायचे वजन जास्तीत जास्त २३ किलो धरावे, आणि परिस्थिती जसजशी बिघडत जाईल तसतसे त्या २३ ला एकापेक्षा लहान अपूर्णांकांनी गुणत जावे. असे सहा गुणक आहेत : वस्तू घोट्यांपासून किती पुढे आहे, उचलताना हात जमिनीपासून किती उंचीवर आहेत, वस्तू वर किंवा खाली किती अंतर सरकवायची आहे, अंग किती अंशांत वळते, मिनिटाला किती वेळा आणि किती तास उचलावे लागते, आणि वस्तूला धरायला पकड कशी आहे. गुणाकाराचे उत्तर म्हणजे त्या जागी उचलण्यासाठी शिफारस केलेले वजन. प्रत्यक्षातल्या वजनाला त्या उत्तराने भागले की उचलण्याचा निर्देशांक मिळतो. तो १ च्या पुढे गेला की काही जणांसाठी धोका वाढू लागतो, आणि ३ च्या पुढे गेला की बहुतेकांच्या पाठीवर तो बेतू शकतो.

हे गणित कागदावरही होते. नायॉशने त्यासाठी मोबाइलवरचे मोफत अ‍ॅपही केले आहे. मी मात्र एक्सेलमध्ये स्वतःची शीट तयार केली, कारण मला उत्तराइतकेच प्रत्येक गुणकाचे वेगळे घर डोळ्यांसमोर हवे होते. मोजपट्टी घेऊन मी मामांच्या जागेवर एक पूर्ण पाळी थांबले. बिनाच्या तळाशी असलेले कास्टिंग उचलताना त्यांचे हात जमिनीपासून २० सेंटिमीटरवर होते, बिनाची लोखंडी भिंत आड येत असल्यामुळे कास्टिंग घोट्यांपासून ५० सेंटिमीटर पुढे होते, टेबल ८५ सेंटिमीटर उंच होते, आणि टेबल बाजूला असल्याने अंग साधारण ४५ अंश वळत होते. मिनिटाला सरासरी एक नग, पाळी आठ तासांची, आणि ओबडधोबड कास्टिंगला कान किंवा मूठ नसल्यामुळे पकड वाईट.

शीटमध्ये घरे भरत गेले तसे अंतराचे ०.५०, उंचीचे ०.८३५, सरकवण्याचे ०.८८९, वळण्याचे ०.८५६, वारंवारितेचे ०.७५ आणि पकडीचे ०.९० असे गुणक पडले, आणि २३ किलोंचे झाले ४.९ किलो. म्हणजे त्या जागी, त्या पद्धतीने, दिवसभर उचलायला पाच किलोंच्या आतले कास्टिंग योग्य ठरले असते, आणि मामा चौदा किलोंचे उचलत होते. निर्देशांक आला २.८.

या ठिकाणी मला संगणकाची खरी मदत झाली. आकडा काढणे हा त्याचा अर्धाच उपयोग आहे. 'हे बदलले तर काय होईल' या प्रश्नाला लोखंड कापण्यापूर्वी उत्तर देणे हा दुसरा अर्धा, आणि माझ्या मते तोच मोठा आहे. टेबल आणि बिन समोरासमोर ठेवून फक्त वळणे काढून टाकले, तर निर्देशांक २.४ पर्यंतच उतरत होता. बिन स्टँडवर चढवून फक्त उंची सुधारली, म्हणजे हात ७० सेंटिमीटरवर आले, तर २.१. पण बिनाची पुढची भिंत खाली पाडता आली आणि कास्टिंग ५० ऐवजी ३० सेंटिमीटरवर आले, तर बाकी काहीही न बदलता तो १.७ वर येत होता. एकट्या त्या भिंतीने इतर दोन्ही बदलांपेक्षा जास्त फरक पाडला होता. तिन्ही बदल एकत्र केले तर शिफारस केलेले वजन १२.७ किलो आणि निर्देशांक १.१. कास्टिंग मात्र पहिल्याइतकेच, चौदा किलोंचे.

यामागचे यांत्रिक कारण तराजूच्या दांडीचे आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या चकतीपासून साधारण पाच सेंटिमीटरवरून ओढतात, आणि वजन मात्र हातभर पुढे लटकत असते. चौदा किलो ५० सेंटिमीटरवर असतील तर त्यांना तोलायला स्नायूंना दहापट, म्हणजे १४० किलोंच्या वजनाइतका जोर लावावा लागतो. तेच ३० सेंटिमीटरवर आले तर ८४. वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन तोलायचे ते आणखी वेगळे. हा सगळा ताण कंबरेतल्या रुपयाएवढ्या नाही, पण फार तर बांगडीएवढ्या चकतीवर दाबाच्या रूपाने येतो.

कोल्हापुरात ही गोष्ट समजावून सांगताना मला एक अडचण येते आणि एक मदतही होते. अडचण अशी की आमच्याकडे वजन उचलणे हा अभिमानाचा विषय आहे. कित्येक कामगार तालमीत वाढलेले आहेत, आणि 'चौदा किलो जड आहे' असे कोणी म्हटलेले त्यांना रुचत नाही. मदतही त्याच तालमीची होते. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला उचलणारा मल्ल आधी त्याला छातीशी घट्ट ओढून घेतो. हात लांब ठेवून कोणी कोणाला उचलत नाही. मी फेटलिंगच्या मंडळींना शीटमधला ०.५० चा आकडा दाखवला आणि विचारले की पैलवानाला हातभर लांब ठेवून उचलाल का, तेव्हा सगळ्यांत तरुण मुलगा लगेच म्हणाला, "न्हाई, पोटाला लावून उचलायचा." त्यानंतर मला अंतराच्या गुणकाची व्याख्या सांगावी लागली नाही.

बिनाचे काम उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरने करून दिले. पुढच्या भिंतीला बिजागऱ्या लावून ती खाली पडेल अशी केली आणि बिनाखाली स्टँड आला. पहिल्या आठवड्यातच एक उणीव दिसली : बिन वरून रिकामे होत गेले की हात पुन्हा खाली जातात, आणि भरलेल्या बिनाची उंची धरून काढलेला निर्देशांक शेवटच्या थराला लागू पडत नाही. मी शीटमध्ये फक्त एकच ओळ भरली होती, तिथे वरचा, मधला आणि तळाचा अशा तीन ओळी भरायला हव्या होत्या. ही माझी चूक होती आणि ती मामांनी दाखवली. आता स्टँडच्या पाट्याखाली स्प्रिंग आहेत. भार कमी होईल तसा पाटा वर येतो. कास्टिंग टेबलावर ठेवताना हात किती पुढे जातात, याचीही मी वेगळी ओळ ठेवते, कारण उचलण्याइतकेच ठेवणेही पाठीला लागते.

या समीकरणाच्या मर्यादा सांगितल्याशिवाय ते कोणाच्या हाती देऊ नये असे मला प्रामाणिकपणे वाटते. ते दोन हातांनी, उभे राहून, मोकळ्या जागेत उचलण्यासाठी आहे; एका हाताने, बसून किंवा गुडघ्यावर राहून उचलण्याला, ढकलण्या-ओढण्याला आणि निसरड्या जमिनीला ते चालत नाही. शिवाय त्यात हवेचे तापमान १९ ते २६ अंश सेल्सिअस गृहीत धरलेले आहे. एप्रिल-मे महिन्यांत भट्टीच्या बाजूला कोणते तापमान असते, हे कोल्हापूरच्या फाउंड्रीत तासभर उभ्या राहिलेल्या कोणालाही विचारावे. त्यामुळे आमच्याकडे निर्देशांक १.१ आला तर मी तो 'निदान १.१' असा वाचते. आणखी एक गोष्ट अशी की मूळ आकडे अमेरिकी लोकांवरून बांधलेले आहेत. आपल्या लोकांच्या अंगाची मापे वेगळी आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली भारतीय शरीरमापांचा संग्रह प्रसिद्ध केला, तो अशा वेळी हाताशी असलेला बरा.

उचलण्याखेरीजच्या कामासाठी मी व्हिडिओ वापरते. शरीराच्या ठेवणीला गुण देण्याच्या पद्धती जुन्या आहेत. त्यांतली ओवास ही पद्धत फिनलंडमधल्या ओवाको या पोलाद कंपनीत सत्तरच्या दशकात तयार झाली, म्हणजे तिचा जन्म आमच्यासारख्याच धुरात आणि उष्णतेत झाला, याचे मला अप्रूप वाटते. हात, मान आणि मनगट यांसाठी १९९३ साली रुला आली आणि संपूर्ण शरीरासाठी २००० साली रेबा. रुलामध्ये १ ते ७ गुण असतात; ७ आले की तपास आणि बदल लगेच करावा. पूर्वी निरीक्षक हातात पॅड घेऊन उभा राही आणि 'धड सुमारे ४० अंश वाकले' असे अंदाजाने लिही. आता मोबाइलवर चित्रण करून ते किनोव्हीया या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडले, तर हवे ते चित्र थांबवून खांद्यावर, कंबरेवर आणि गुडघ्यावर खुणा ठेवून कोन मोजता येतो. अट एकच, आणि ती पाळली नाही तर सगळे मोजमाप फुकट जाते : कॅमेरा हालचालीला काटकोनात, नेमका बाजूला हवा. तिरक्या कॅमेऱ्यातून ६० अंशांचे वाकणे ४० अंशांचे दिसते आणि आपण धोका कमी लिहून मोकळे होतो.

खुणा आपोआप ठेवणारे प्रोग्रॅमही आता आहेत. गुगलचे मीडियापाइप चित्रातल्या माणसाच्या शरीरावर ३३ बिंदू शोधते आणि हे काम साध्या मोबाइलवरही होते. मी ते मोल्डिंग लाइनवर, म्हणजे वाळूचे साचे तयार होतात तिथे, वापरून पाहिले. मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या माणसावर ते चांगले बसते; पण चामड्याचा एप्रन, तोंडावर मास्क, समोर मोल्डिंग बॉक्स आणि हवेत धूळ अशी स्थिती असली की गुडघ्याचा बिंदू बॉक्सच्या कडेवर जाऊन बसतो आणि पडद्यावर मात्र कोन अगदी आत्मविश्वासाने उमटत राहतो. म्हणून प्रत्येक दहा-पंधरा चित्रांपैकी एक मी स्वतः डोळ्यांनी तपासते, आणि नुसत्या प्रोग्रॅमच्या आकड्यावर कोणताही अहवाल देत नाही.

कॅमेऱ्याबद्दल मात्र याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या दिवशी मी स्टँडवर मोबाइल लावला, तेव्हा पूर्ण फेटलिंग विभाग गप्प झाला आणि सगळ्यांचा हात एकाएकी वेगाने चालू लागला. मला नंतर कळले की काही वर्षांपूर्वी असाच कॅमेरा लावून एका कारखान्यात नगामागे लागणारा वेळ मोजला गेला होता आणि त्यानंतर नगाचा दर कमी झाला होता. कामगारांना मी त्याच कामासाठी आले आहे असे वाटले, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसेच वाटले असते. त्या दिवसाचे चित्रण मी त्यांच्यासमोर पुसून टाकले. पुढच्या पाळीच्या सुरुवातीला आम्ही बसून ठरवले : चित्रण फक्त शरीराच्या ठेवणीसाठी होईल, चेहरा अस्पष्ट केला जाईल, कोन काढून झाल्यावर फाइल ठेवली जाणार नाही, आणि ज्याला नको असेल त्याचे चित्रण होणार नाही. हे चार मुद्दे मी व्यवस्थापनाकडून लेखी घेतले आणि चहाच्या टपरीशेजारच्या फलकावर मराठीत लावले. त्यानंतरच्या चित्रणातला वेग वेगळा होता, आणि खरा होता. अगोदरच्या घाईच्या हालचालींवरून मी गुण काढले असते, तर तो अहवाल संगणकावर कितीही नीट दिसला असता तरी खोटा ठरला असता.

दर आणि वेग यांचा विषय निघाला आहे म्हणून लिहिते. समीकरणातल्या सहा गुणकांपैकी पाच गुणक लोखंड कापून किंवा टेबल हलवून सुधारतात. सहावा, वारंवारितेचा, तसा सुधारत नाही. मिनिटाला एकाऐवजी तीन नग उचलायचे ठरले, तर आठ तासांच्या पाळीत तो ०.७५ वरून ०.५५ वर येतो, आणि स्टँडने जे कमावले त्यातले बरेचसे तिथे जाते. नगावर पैसे मिळणाऱ्या कंत्राटी कामगाराला 'सावकाश काम कर' असे सांगण्याचा मला नैतिक अधिकार नाही. त्याच्या घरचा खर्च मी भागवत नाही. म्हणून हा गुणक मी शीटमध्ये लाल रंगात ठेवते आणि दर ठरवण्याच्या बैठकीत तीच शीट उघडते. १९४८ च्या कारखाने अधिनियमातच, इजा होण्याचा संभव असेल इतके वजन कोणाही कामगाराला उचलायला लावू नये, अशी तरतूद केली गेली होती. इजा किलोंनी होते तशी नगांच्या संख्येनेही होते, हे त्या बैठकीत पुन्हा पुन्हा सांगावे लागते आणि मी ते सांगत राहीन.

ग्राइंडरच्या थरथरीसाठी छोटीच शीट पुरते. यंत्राची थरथर मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात मोजतात. तिला दिवसातल्या वापराचे तास भागिले आठ, याच्या वर्गमुळाने गुणले की दिवसभराचा हिशेब मिळतो. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार २.५ च्या पुढे उपाय सुरू करायचे असतात आणि ५ ही मर्यादा आहे. ग्राइंडरची थरथर ६ असेल आणि तो चार तास हातात असेल, तर उत्तर येते ४.२, सहा तास असेल तर ५.२, म्हणजे मर्यादेबाहेर. हे दोन आकडे शेजारीशेजारी दाखवले की कामाची अदलाबदल का हवी, ते सुपरवायझरला लगेच पटते. बोटे पांढरी पडून बधिर होऊ लागली म्हणजे आधीच उशीर झालेला असतो.

टेबलाच्या उंचीचे काम मला सगळ्यांत सोपे वाटले होते आणि तेच सगळ्यांत जास्त अडले. जड कामासाठी उभ्याने काम करताना टेबल कोपरापेक्षा १५ ते ४० सेंटिमीटर खाली असावे, असा रुळलेला नियम आहे. मी विभागातल्या अकरा जणांची कोपराची उंची मोजून सरासरी काढली, त्यातून २५ वजा केले आणि टेबल त्या मापाचे करून घेतले. उंच आणि बुटके दोघेही तक्रार करू लागले. सरासरी उंचीचा माणूस त्या विभागात एकही नव्हता. शीटमध्ये अकरा ओळी आधीपासून होत्या, फक्त मी त्या पाहण्याऐवजी तळाचा एकच आकडा पाहिला होता. आता टेबल सगळ्यांत उंच माणसाच्या मापाचे आहे आणि बाकीच्यांसाठी दोन जाडींच्या लाकडी फळ्या आहेत, ज्यांवर उभे राहून ते काम करतात. कोणाला कोणती फळी, ते शीटमध्ये नावापुढे लिहिलेले आहे.

या महिन्यात कोअर शॉपचे, म्हणजे कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे बनवणाऱ्या विभागाचे, काम हाती घेतले आहे. तिथे बहुतेक महिला आहेत, कोअर बॉक्स (त्या गाभ्यांचे साचे) वजनाला हलके असले तरी ते खांद्याच्या वर असलेल्या मांडणीवर ठेवावे लागतात, आणि त्यांच्यासाठी २३ किलोंचा आरंभ योग्य आहे का, हा पहिला प्रश्न मी वहीत लिहिला आहे. मामांनी परवा शीट पाहायला मागितली. त्यांच्या ओळीतला २.८ चा आकडा त्यांनी बोटाने दाखवला, शेजारचा १.१ पाहिला, आणि मग म्हणाले, "ह्यो तळाचा थर वेगळा लिवलाय न्हवं आता?" तो लिहिला आहे हे मी त्यांना दाखवले. तळाच्या ओळीत अजून १.३ आहे, स्प्रिंग थोडी कडक करून घ्यायची आहे, आणि त्यासाठी शनिवारी पुन्हा उद्यमनगरात जायचे आहे.